धोंड्याच्या दिवशी पेटलेला कोळसा

कोळसा नीट पेटायला साधारण अर्धा तास लागतो. लहानपणी आमच्या घरी शेगडी होती. आई तळाशी भुईमुगाची टरफलं घालायची, त्यावर काटक्या, त्यावर कोळसा रचायची, आणि शेगडी दारात वाऱ्याच्या तोंडाला ठेवून दुसऱ्या कामाला लागायची. ती परत येईपर्यंत धूर संपलेला असायचा आणि कोळशावर पांढरी राख धरलेली असायची. त्यात कौशल्य काही नव्हतं. वाट बघावी लागायची, एवढंच.

आमच्या जावयांना ती वाट बघवत नाही.

जावई नांदेडचे. शेतकऱ्यांना सोलर पंप बसवून द्यायचा त्यांचा व्यवसाय आहे. माणूस दिलदार. माझ्या मुलीला जपतात, आमच्याकडे आले की माझ्या आईच्या पायाशी बसून तिच्याशी गप्पा मारतात, जे मी स्वतः रोज करत नाही. लग्नानंतर वर्षभरात त्यांनी बार्बेक्यूची एक लोखंडी शेगडी घेतली. तिचे पाय दुमडतात आणि ती गाडीच्या डिकीत बसते. आम्हीही शाकाहारी आणि तेही, त्यामुळे तिच्यावर पनीर, कणसं, रताळी, सिमला मिरची असलं भाजायचं. पण त्यांचा जीव भाजण्यात नाही, पेटवण्यात आहे. कोळसा झटपट पेटवायच्या नाना तऱ्हा ते मोबाइलवर बघतात आणि लातूरला आले की आम्हाला करून दाखवतात. मोबाइलमधलं घड्याळ लावतात. मागच्या खेपेपेक्षा कमी वेळ लागला पाहिजे.

पहिल्या वेळी त्यांनी गच्चीवर पेट्रोल वापरलं. ज्वाळा डोक्याच्या वर गेली आणि दोरीवर वाळत असलेल्या ओढणीचं टोक जळालं. दुसऱ्या वेळी सॅनिटायझर. भर उन्हात त्याची ज्योत दिसत नाही, हे मला तेव्हा कळलं. पेटलंच नाही असं समजून त्यांनी पुन्हा ओतलं, आणि हातातल्या बाटलीचं तोंड पेटलं. त्यांनी ती बाटली शेजाऱ्यांच्या रिकाम्या प्लॉटमध्ये भिरकावली. तिसऱ्या वेळी मुलीचा केस वाळवायचा ड्रायर. त्यातून ठिणग्यांचा फवारा निघाला, आणि ड्रायर पुढून वितळला. दर वेळी शेवटी कोळसा पेटला, आणि दर वेळी आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

का वाजवल्या, ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे जावयाचा शब्द खाली पडू देत नाहीत, हे एक. पण नुसत्या रीतीनं मी एवढा गप्प बसलो नसतो. मुलीच्या पहिल्या दिवाळसणाला आमचा गीझर ऐन वेळी बंद पडला आणि जावयांना अभ्यंगाचं पाणी कोमट मिळालं. ते स्वतः हसून अंघोळ करून आले. त्यांच्या आईनं मात्र ती गोष्ट नांदेडला नेली, आणि मग ती कुठल्याही निमित्तानं निघत राहिली. भाजी थंड झाली की, "हिच्या माहेरी गरम करायची पद्धत न्हाई." मुलीनं हे मला हसत हसत सांगितलं. तिला एखादी गोष्ट लागली की ती हसत सांगते, हे मला ती शाळेत असल्यापासून माहीत आहे. त्या दिवशी मी ठरवलं की आपल्या घरात जावयाला कशालाही नाही म्हणायचं नाही. नाही मी म्हणणार आणि त्याचे हप्ते ती फेडणार.

आता आईचं. कोरोनातून ती उठली, पण तिची फुफ्फुसं पूर्ववत झाली नाहीत. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं. दिसायला ते छोट्या कूलरसारखं असतं. हवा आत घेतं, त्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीवाटे नाकात सोडतं. नळी लावलेली असली की बोटावरच्या मीटरवर चौऱ्याण्णव दिसतात. काढली की आकडा उतरू लागतो. तोंड धुण्यापुरती, चार घास खाण्यापुरती काढली तर चालते. अठ्ठ्याऐंशीच्या खाली जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी पाटबंधारे खात्यात आहे. धरणाची पातळी रोज बघणं आणि कळवणं हे माझं बरीच वर्षं काम होतं. लातूरचा माणूस पाण्याच्या बाबतीत एका सोयीवर विसंबत नाही. नळ आला तरी टाकी भरून ठेवतो, टाकी भरली तरी पिंप. आईच्या श्वासाचंही मी तसंच केलं. वीज गेली तर इन्व्हर्टर. इन्व्हर्टर बसला तर कोपऱ्यात एक छोटा सिलिंडर. नळीला चीर गेली तर कपाटात दुसरी कोरी नळी. हे सगळं मी जावयांना आणि व्याह्यांना एकदा अभिमानानं दाखवलंही होतं.

त्या वर्षी अधिक महिना आला. जावयाला धोंड्याचं जेवण घालायचं, तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं. नांदेडहून तिघं आले: जावई, व्याही आणि विहीणबाई. मुलगी दोन दिवस आधीच आली होती. व्याही मूळचे मुदखेडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, गप्पिष्ट आणि निरुपद्रवी. दुपारचं जेवण यथासांग झालं. पुरणाचे धोंडे विहीणबाईंना आवडले. निदान त्यांनी नाव ठेवलं नाही. वाण संध्याकाळी दिवे लागल्यावर द्यायचं ठरलं. तोवर जावई माझ्या बायकोला म्हणाले, "मामी, आता गॅसपाशी उभं राहू नका. संध्याकाळचं माझ्याकडं. कणसं आणलीत, पनीर आणलंय."

गाडीच्या डिकीतून शेगडी आली, आणि कोळशाचं अर्धं पोतं. किनवटकडच्या एका गिऱ्हाइकानं दिलेला कोळसा होता. बाहेर पाऊस धरला होता, म्हणून गच्ची बाद झाली. शेगडी खाली पोर्चमध्ये मांडली.

पोर्चला लागून आईची खोली आहे. तिचा पलंग खिडकीला चिकटून, म्हणजे तिला रस्ता दिसावा. ती तिथं उशाला टेकून बसली होती, नाकात नळी, मांडीवर वाती. खिडकीला डासांची जाळी आहे. जाळीच्या एका कोपऱ्यातून टीव्हीची जुनी केबल यायची. केबल काढली, भोक तसंच राहिलं.

कोळसा दमट होता. जावयांनी देवघरातला कापूर मागून घेतला. कापूर जळाला, एक कोपरा तेवढा लाल झाला आणि बाकी सगळा धूर. मग गाडीतून पॅनेलवरची धूळ उडवायचा ब्लोअर आणला. त्यानं राख विहीणबाईंच्या साडीवर गेली.

"अरे, जेवायला घालून राहिला का आंघोळ?" व्याही म्हणाले.

"बाबा, तुम्ही फक्त शूटिंग करा," असं म्हणून जावयांनी मोबाइल त्यांच्या हातात दिला. मग घाम पुसता पुसता त्यांची नजर खिडकीकडे गेली. आईकडे नाही, आईच्या नळीकडे. मशीनचा घरघर आवाज बाहेरपर्यंत येत होता.

"मामा," ते म्हणाले, "घरात ऑक्सिजन असताना आपण कापूर काय जाळून राहिलो?"

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलो.

"खरंच. बाहेरच्या देशात टाकीतला ऑक्सिजन सोडतेत कोळशावर. मी बघितलंय. चार-पाच सेकंदांत लालभडक. आपलं तर बारकं मशीन हाय. दोन मिनिटं लागतील."

"ते आईचं आहे," मी म्हणालो.

"माहीत हाय की मला. दोनच मिनिटं."

एवढ्यावर मी सरळ नाही म्हणायला हवं होतं, हे वाचणाऱ्याला दिसतंय तितकंच मला तेव्हाही दिसत होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "पाऊस आहे. लाइट जाईल मध्येच, मशीन बिघडेल."

"इन्व्हर्टर हाय ना त्याला. तुम्हीच दाखवला मला."

"नळी इथवर पुरायची नाही."

"दुसरी असंल की. तुम्ही एकाच्या जागी दोन ठेवणारे."

व्याही मोबाइलच्या आडूनच हसले. मला ते इवाई म्हणतात. "इवाई आमचे छत्र्या बी दोन घेऊन निघतेत. एक पावसासाठी, एक पहिली हरवली तर."

सगळे हसले. मी माझ्याच सोयींमध्ये अडकत चाललो होतो. जे जे कारण पुढे करावं त्याची तजवीज मी स्वतःच करून ठेवलेली. शेवटी मी म्हणालो, "ते औषधाचं आहे हो. त्याच्याशी खेळ नको."

खेळ हा शब्द चुकला. विहीणबाईंनी साडीवरची राख झटकणं थांबवलं.

"राहू दे रे," त्या मुलाला म्हणाल्या, आवाज अगदी मऊ. "त्यांच्या मनात नसंल तर कशाला मागायचं? जावई झाला म्हणून काय सगळंच आपलं झालं का? आपण आपलं वाण घेऊ आन् निघू."

माझी मुलगी तेवढ्यात कणसं सोलून परात घेऊन दारात आली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग परातीकडे. ती परात तशीच धरून उभी राहिली.

आणि आतून आईचा आवाज आला, जावयांना. "घ्या हो बापू. मला काय कुठं पळायला जायचंय? बसूनच हाय मी." तिनं कानामागची नळी सोडवली, नाकातून काढली आणि जाळीच्या त्या भोकातून बाहेर सरकवली. वाती मांडीवरून बाजूला ठेवल्या. खेळ बघायला बसल्यासारखी बसली.

मी आत गेलो, तिच्या बोटाला मीटर लावलं आणि तिथंच उभा राहिलो. चौऱ्याण्णव.

बाहेर जावयांनी काम नीटनेटकं चालवलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. कपाटातली कोरी नळी त्यांनी मुलीकडून मागवून घेतली, दोन्ही नळ्या एकमेकींना जोडल्या आणि टोकाला गाडीतला एक बारीक स्टीलचा पाइप बसवला, म्हणजे प्लॅस्टिक आगीपासून लांब राहावं. पाइपचं तोंड लाल झालेल्या कोपऱ्यावर धरलं. "घड्याळ लावा, बाबा."

ब्याण्णव.

आधी नुसती फुसफुस आली. मग स्टोव्हला जोरात पंप मारल्यावर येतो तसा आवाज, आणि पोर्च पांढरा झाला. पिवळा किंवा लाल नाही, पांढरा. वेल्डिंगवाल्याच्या दुकानासमोरून जाताना डोळे बाजूला घ्यावे लागतात तसा. दमट कोळसा तडतडून फुटत होता आणि त्याचे तुकडे फरशीवर उडत होते. व्याही मागे सरले. जावई ओरडले, "जमलं! मामा, बघा!" आई जाळीला नाक लावून बघत होती. "लई उजेड पडला की गं बाई," ती म्हणाली.

नव्वद. मी म्हणालो, "बास करा आता." माझं कुणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणालो.

मग पाइपाजवळची नळी मऊ पडली. स्टील तापलं होतं, ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. नळी पाइपापासून सुटून कोळशावर पडली आणि तिच्या टोकाला ज्योत धरली. जावयांनी पाय मारून ती बाजूला सारली. त्यांना वाटलं, विझेल. पण नळीच्या आतून ऑक्सिजन येतच होता. ती ज्योत नळी धरून निघाली. खाऊनच निघाली म्हणा. पुढे पुढे, फरशीवरून, शेगडीपासून भिंतीकडे, भिंतीपासून खिडकीकडे. फार जोरात नाही. धावत जाऊन पायानं दाबता येईल असं वाटावं इतकी ती सावकाश होती, आणि दाबायला कुणी हलण्याआधी पुढे गेलेली. ती नळी भोकातून आत येऊन आईच्या पलंगावरून, तिच्या गुडघ्यावरून मशीनपर्यंत गेली होती.

मशीन पलंगाच्या पलीकडे, भिंतीच्या आणि कपाटाच्या बेचक्यात होतं. माझ्या आणि त्याच्या मध्ये पलंग आणि आई. मी विचार केला तो असा, की मेन स्विच बंद केला की मशीन थांबेल. मी हॉलमध्ये पळालो आणि मेन ओढला. घर अंधारलं. फक्त आईच्या खोलीतला दिवा तसाच, आणि मशीनची घरघर तशीच. इन्व्हर्टर. वीज गेली तरी हे मशीन एक क्षणही थांबता कामा नये म्हणून मी वायरमनकडून मुद्दाम करून घेतलेलं काम. मी मेन स्विचवर हात ठेवून उभा होतो आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

परत खोलीच्या दारात आलो तेव्हा घरघर थांबली.

आई पलंगावर आडवी झाली होती आणि तिचा हात मशीनपर्यंत गेला होता. चालू-बंदच्या बटणावर मी चिकटपट्टी लावून ठेवली होती, चुकून धक्का लागू नये म्हणून, आणि आईला सांगितलं होतं की याला कधीही हात लावायचा नाही. तिनं पट्टी नखानं उचकटून बटण दाबलं होतं. ज्योत खिडकीच्या कट्ट्यावर आली होती. जाळीला मुठीएवढं छिद्र पडलं होतं. ऑक्सिजन थांबताच ज्योत पिवळी झाली, धूर सोडू लागली, आणि बायकोनं पिण्याच्या पाण्याचा तांब्या तिच्यावर पालथा केला. चादरीला डाग पडला, आईच्या मनगटाजवळ एक लाल रेघ उठली. बाकी काही झालं नाही.

मीटर तिच्या बोटावरच होतं. शहाऐंशी.

धाप लागली होती, बोलवत नव्हतं. मी सिलिंडरकडे वळलो आणि थांबलो. सिलिंडरलाही नळी लागते. वीज, इन्व्हर्टर, सिलिंडर, राखीव नळी. चार सोयी मी मोजून ठेवल्या होत्या, आणि चारही शेवटी एका नळीच्या टोकाला होत्या. ती बाहेर फरशीवर काळ्या दोरीसारखी पडली होती. जावई दारात आले. त्यांच्या भुवया करपल्या होत्या. मी म्हणालो, "नळी आणा. मेडिकलमधून. आत्ता." ते पावसात गाडीकडे धावले.

मशीनला हातभर तुकडा शिल्लक होता. त्याचं जळकं टोक मी कात्रीनं कापलं. आईला पलंगावरून उतरवून मशीनजवळ खाली बसवलं, खिडकी लावून घेतली, मुलीनं ओलं फडकं खाचेत कोंबलं, आणि मग मशीन पुन्हा चालू केलं. नळीचा तुकडा मी आईच्या नाकाशी हातानं धरून बसलो. नीट बसावं एवढी जागाच नव्हती. कपाटाच्या आणि पलंगाच्या मध्ये मी गुडघ्यावर, एक खांदा भिंतीला, दुसरा पलंगाच्या लाकडाला. हात हलला की आकडा उतरायचा. पंच्याऐंशी. सत्त्याऐंशी. पुन्हा शहाऐंशी. मला पाय हलवता येत नव्हता, घाम पुसता येत नव्हता, बाहेर काय चाललंय ते बघता येत नव्हतं. ऐकू मात्र येत होतं.

"कोळसा मात्र एक नंबर पेटला," व्याही म्हणत होते.

"मग आता ठेवा की कणसं. वाया कशाला घालवायचा?" विहीणबाई.

आणि थोड्या वेळानं खिडकीच्या फटीतून कणसं भाजल्याचा वास आला.

आईला एकेक शब्द सुटा करून बोलावा लागत होता. "मला वाटलं," ती म्हणाली, "तू न्हाई म्हनशील."

"तूच तर दिलीस काढून."

"मी कसं न्हाई म्हनू? पोरगी उभी होती दारात परात घिऊन." ती थांबली, तीन-चार श्वास घेतले. "मी दिली म्हंजी तू म्हनशील, आई, लाव ती नळी परत. असं वाटलं."

मी नळी धरून राहिलो. हात हलू द्यायचा नव्हता. मुलगी आमच्या मागे पलंगावर बसून मीटरकडे बघत होती. तिनं हे सगळं ऐकलं. मला एवढंच कळलं की त्या दिवशी पोर्चमध्ये आणि खिडकीत मिळून आम्ही तिघं एकमेकांची वाट बघत होतो, आणि तेवढ्यात कोळसा पेटून गेला.

जावई आले ते पूर्ण भिजून. पहिल्या दोन दुकानांत नळी नव्हती. दवाखान्याच्या रांगेतल्या दुकानात मिळाली, आणि त्यांनी तीन आणल्या. माझ्याकडे न बघता आईपाशी बसले, स्वतःच्या हातानं तिच्या कानामागून नळी घातली. "आज्जी, माफ करा," म्हणाले. आईनं त्यांच्या करपलेल्या भुवईवर बोट ठेवलं. अठ्ठ्याऐंशी, नव्वद, मग बराच वेळ एक्याण्णव.

मला वाटलं, संपलं. पण दिवस संपला नव्हता. वाण द्यायचं होतं. मी मेन चालू केला, हातपाय धुतले, पाट मांडला, जावयांच्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं. तेहतीस अनारसे बायकोनं ताटात रचले होते. धावपळीत एक फुटला होता, तो तिनं खाली घातला. दिवा लावताना काडीचा उजेड पडला आणि मी दचकलो, बाकी कुणी नाही. मग कणसं आली. सुंदर भाजली होती, एकसारखी. विहीणबाईंनी माझ्या पुढ्यात एक ठेवलं. "खा की. जावयाच्या हातचं हाय." मी खाल्लं. आईलाही एक पाहिजे होतं, तिच्यासाठी मुलीनं दाणे काढून दिले.

"एवढं काही झालं न्हाई," विहीणबाई मीठ-लिंबू लावत म्हणाल्या. "सगळे उगी घाबरले. मशीनवाल्यानं नळी चांगली द्यायला पायजे होती."

"बरोबर हाय," व्याही म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून खाली बघितलं.

पाऊस उघडला. सामान गाडीत गेलं, निवलेली शेगडी डिकीत गेली. विहीणबाई मुलीला म्हणाल्या, "चल, बॅग घे. उद्या घरी बायका बोलावल्यात, सकाळी स्वैपाकाला कोण हाय?"

मुलगी म्हणाली, "आज्जीपाशी राहते आजच्या दिवस. उद्या दुपारच्या बसनं येते."

"तुझी आई हाय की इथं. बाप हाय."

"आकडा अजून वर आला नाही, आत्या. मी बघत बसते."

"आकडा, आकडा. तुमच्या घरात सगळं आकड्यावर." त्या गाडीचं दार धरून उभ्या होत्या. आवाज पुन्हा मऊ झाला होता. मला तो आवाज आता ओळखू येतो. "राहायचं तर राहा बाई. पण मग तिथं कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

मुलगी बॅग आणायला वळली. जावई गाडीत बसले होते, हात स्टिअरिंगवर, नजर पुढे. तेही अडकलेलेच दिसत होते, पण मला त्या वेळी त्यांची दया करायला सवड नव्हती.

"ती राहील," मी म्हणालो.

आवाज मी चढवला नव्हता. तरी सगळे थांबले. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्यापुढे काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नव्हतं, म्हणून पुन्हा तेच म्हणालो. "ती राहील. उद्या मी स्वतः आणून सोडीन."

व्याही आधी गाडीत बसले. मग त्या बसल्या. दार लागलं. जावयांनी काच खाली केली, मान हलवली आणि गाडी सुरू केली.

आम्ही दोघं आत आलो. आई खिडकीकडे पाठ करून पडली होती. मीटरवर त्र्याण्णव होते, तरी मुलगी पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "पप्पा, कशाला बोललात? आता तिथं मला ऐकून घ्यावं लागंल."

मी खिडकीची कडी पुन्हा लावून बघितली.

"किती दिवस, काय माहीत," ती म्हणाली. हे ती हसत म्हणाली नाही. मग माझ्याकडे न बघता, "ऐकीन," म्हणाली, आणि आजीच्या खांद्याखाली दबलेली नळी तिनं हळूच बाहेर ओढली.